पोराचं वजन, आईची पाठ

सेरेब्रल पाल्सी असलेलं मूल दोन वर्षांचं असताना साधारण दहा किलोंचं असतं. आई त्याला कडेवर घेते, रिक्षानं थेरपीला नेते, येताना कोपऱ्यावर मेथीची जुडीही घेते. शेजारीपाजारी म्हणतात, 'होईल हो, काही मुलं उशिरा चालतात.' आईलाही तसंच वाटत असतं. चौदाव्या वर्षी तेच मूल तीस-बत्तीस किलोंचं होतं. आई पन्नास किलोंची, आणि आता पंचेचाळिशीकडे झुकलेली. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूममध्ये, तिथून परत पलंगावर, असं दिवसातून आठ-दहा वेळा उचलायचं. नवरा मदतीला असला तरी वन-रूम-किचनमधल्या बाथरूमचं दार जेमतेम दोन फुटांचं. मुलाला धरून दोघं एकदम आत जाऊ शकत नाहीत. मग एकानं आधी आत शिरून मागे सरकत काखेत हात घालायचे, दुसऱ्यानं पाय धरायचे, आणि ताठरलेले पाय चौकटीला आपटू नयेत म्हणून अंग तिरपं करायचं. जिन्यावरून सोफा उतरवताना करतात तसं. फरक इतकाच, की सोफा मध्येच दचकून अंग ताठ करत नाही.

अशा मुलांच्या पालकांचा कुठलाही मेळावा घ्या. भाषणं झाली, चहा झाला, की कुणीतरी उठून तो एक प्रश्न विचारतोच: 'आमच्यामागे कोण?' त्यावर सभागृह गप्प होतं आणि मग एखादा वक्ता मृत्युपत्र, ट्रस्ट, पालकत्वाचं प्रमाणपत्र यांची माहिती देतो. माहिती बरोबर असते. पण ती सगळी आईबाप गेल्यानंतरच्या दिवसापासून सुरू होते. आईच्या कंबरेनं तो प्रश्न त्याच्या वीस वर्षं आधीच विचारायला सुरुवात केलेली असते.

मुळात हा प्रश्नच तसा नवा आहे. डाऊन सिंड्रोमचं उदाहरण घ्या. पाश्चात्त्य देशांत १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला या मुलांचं सरासरी आयुर्मान सुमारे २५ वर्षं होतं. आज ते साठीच्या घरात गेलं आहे. यातल्या जवळपास निम्म्या मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो. पूर्वी त्यातली बरीच त्यानंच जात. आता लहानपणीच शस्त्रक्रिया होते. आपल्याकडेही मोठ्या शहरांत चित्र त्याच दिशेनं बदललं. हजार-बाराशे ग्रॅमचं बाळ काचेच्या पेटीतून जिवंत घरी येतं. फिट्सवर औषधं आहेत, न्यूमोनियावर आहेत. म्हणजे वैद्यकशास्त्रानं मुलांना आयुष्य दिलं, आणि त्या आयुष्याच्या चाळिसाव्या वर्षी त्यांना आंघोळ कोण घालणार, हा भाग घरच्यांवर सोडला.

मराठी रंगभूमीला हे फार आधी दिसलं होतं. जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात नोकरी करणारे मध्यमवर्गीय आईबाप आणि त्यांचा वाढत्या वयाचा मतिमंद मुलगा बच्चू होता. अतुल परचुरे यांनी केलेला बच्चू ज्यांनी पाहिला त्यांना आठवेल. त्या नाटकाचा ताण मुलाच्या आजारात नव्हता. तो होता दोन पगारांच्या, दोन माणसांच्या घरात तिसरं माणूस मोठं होत जाण्यात. एकत्र कुटुंब मोडलं होतं आणि त्याच्या जागी दुसरं काही उभं राहिलं नव्हतं.

संख्या लहान नाही. २०११च्या जनगणनेनं देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग मोजले, महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेले देशभरात १५ लाख आणि बहुविकलांग २१ लाख. मात्र त्या वेळी प्रगणकाच्या रकान्यात फक्त सहा प्रकार आणि 'इतर' व 'बहुविध' एवढंच होतं. ऑटिझमला स्वतंत्र रकाना नव्हता. शिवाय दारात आलेल्या गुरुजींना आपल्या मुलाबद्दल खरं सांगणारं घर किती, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

अनिश्चिततेचा पहिला फेरा निदानाच्या वेळचा. 'चालेल का?' हा पहिला प्रश्न, 'बोलेल का?' हा दुसरा. बरेच डॉक्टर 'बघू, थेरपी चालू ठेवा' म्हणून वेळ मारून नेतात. खरं तर सेरेब्रल पाल्सीपुरतं याचं बऱ्यापैकी नेमकं उत्तर गेली वीसहून जास्त वर्षं उपलब्ध आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात ६५७ मुलांवर नजर ठेवून २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांच्या हालचालींच्या क्षमतेच्या पाच पातळ्या केल्या होत्या. सौम्य पातळीवरची मुलं आपल्या कमाल क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पाचव्या वर्षाच्या आसपास पोचतात, आणि सर्वांत गंभीर पातळीवरची मुलं तिसऱ्या वाढदिवसाच्या आधीच. दुसऱ्या वर्षापर्यंत आधाराशिवाय बसायला लागलेलं मूल पुढे चालण्याची शक्यता चांगली, हाही बालरोगतज्ज्ञांना माहीत असलेला ठोकताळा. हे आईबापांना वेळेवर, खाली बसवून, चहा देऊन सांगितलं तर पुढची दहा वर्षं वेगळी जातील. पैसा आणि शक्ती चालवण्यापाठी न जाता चांगली खुर्ची, गिळण्याची पद्धत, खुणांची भाषा आणि खुब्याचं हाड सरकू न देणं यांकडे वळेल.

ते सांगितलं जात नाही, म्हणून मधल्या पोकळीत दुकानं उघडतात. काही लाखांत 'स्टेम सेल' टोचून देणारी केंद्रं महानगरांत आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं, की काही रक्तविकारांसारख्या मोजक्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर हा प्रकार नोंदणीकृत प्रयोगाबाहेर वापरू नये. तरी शेत विकून टोचून घेणारे बाप आहेत. त्यांना भोळे म्हणणं सोपं आहे. ज्याला कुणी खरं सांगितलेलंच नाही, त्यानं काय करावं? आणि घरात दुसरी तपासणी चालू असतेच: ग्रहणात सुरी धरली होती का, कुणाच्या माहेरी 'असं' कुणी होतं का. जन्मताना श्वास अडकणं, वेळेआधी जन्म, वेळीच न उतरवलेली कावीळ मेंदूत जाणं ही आपल्याकडची ठळक कारणं आहेत. त्यांतल्या बऱ्याच गोष्टी बाळंतपणाच्या खोलीत टाळता येण्यासारख्या असतात. सासूबाईंच्या चौकशीत ती खोली येत नाही.

काही आजारांत अनिश्चितता उलट्या बाजूनं येते. दुशेन या स्नायूंच्या आजारात मुलगा चालायला शिकतो, पळतो, मग जिना चढताना गुडघ्यावर हात टेकू लागतो, आणि बाराव्या वर्षाच्या आसपास खुर्चीत बसतो. इथे आईबापांना पुढे काय होणार ते माहीत असतं. किती दिवसांत, ते माहीत नसतं. स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफीची गोष्ट सगळ्या महाराष्ट्रानं २०२१ साली वाचली. मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनचे पैसे लोकवर्गणीतून उभे राहिले आणि केंद्रानं सुमारे ६ कोटींचे कर माफ केले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या एका बाळालाही तसंच इंजेक्शन मिळालं. काही आठवड्यांत ते बाळ गेलं. दुर्मीळ आजारांचं राष्ट्रीय धोरण २०२१चं. आधीची मदतीची मर्यादा पुढच्या वर्षी वाढवून ५० लाखांपर्यंत नेली. १६ कोटींपुढे ५० लाख म्हणजे किती, याचं गणित चौथीतलं पोरही करेल.

आता संस्थांकडे. महाराष्ट्रातल्या या क्षेत्राचा इतिहास लिहायचा तर पानोपानी आईबापच येतील. मुंबईत जय आणि होर्मसजी वकील या पारशी दांपत्यानं डाऊन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी सुरू केलेली 'जय वकील' शाळा १९४४ची. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली ती मुलगी मालिनी हिच्यामुळे. मालिनी चिब पुढे शिकल्या, परदेशात पदव्या घेतल्या आणि २०१० साली आत्मचरित्र लिहिलं. टंकलेखन एका बोटानं. पुण्यात सिंधुताई जोग यांची 'कामायनी' १९६४ची. डोंबिवलीजवळच्या खोणी गावातलं 'घरकुल' हे तर अमेय पालक संघटनेनं, म्हणजे पालकांनीच एकत्र येऊन, मतिमंद प्रौढांच्या कायमच्या निवासासाठी उभं केलेलं घर. शाळा काढणाऱ्या पालकांपुढे वीस वर्षांनी कार्यशाळा काढायची वेळ येते, चाळीस वर्षांनी वसतिगृह. मुलगी जशी वाढते तशी संस्था वाढते, आणि संस्थापक म्हातारे होतात.

सरकारनं काहीच केलं नाही असं म्हणता येणार नाही. कागद भरपूर आहेत, आणि चांगले आहेत. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठी झाला. २०१६चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ला लागू झाला आणि अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क मिळाला. 'निरामय' विम्यात वर्षाला एक लाखापर्यंतचा खर्च मिळतो, त्यात थेरपीही धरतात. महाराष्ट्रानं २०२२ साली दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग केला.

अडतं ते अठराव्या वाढदिवसाला. आदल्या दिवसापर्यंत आई नैसर्गिक पालक असते. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या लेखी समोर एक सज्ञान नागरिक असतो, ज्याची सही चालते आणि आईची चालत नाही. मुलगा पलंगावर तसाच, आदल्या दिवशी होता तसा. बँकेत खातं चालवायचं, वडिलांच्या नावची खोली त्याच्या नावावर करायची, तर पालकत्वाचं प्रमाणपत्र लागतं. ते देते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती: जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती. रचना साधी आहे, कोर्टापेक्षा पुष्कळ स्वस्त आहे. नेमलेल्या पालकानं सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि नंतर दरवर्षी हिशेब द्यायचा असतो. पण जिल्हाधिकाऱ्यांपुढे पीक पाहणी, निवडणूक, पूर, आरक्षणाचे मोर्चे हे सगळं असताना या समितीची बैठक कधी लागते, ते त्या त्या जिल्ह्यातल्या पालकांना विचारावं. शिवाय दोन कायदे दोन तोंडांनी बोलतात. १९९९चा कायदा पालक नेमतो. २०१६चा म्हणतो, पालकत्व मर्यादित असावं, निर्णय दोघांनी मिळून घ्यावा, अपंग माणसाची इच्छा धरावी. तत्त्व म्हणून दुसरं बरोबर आहे. पण ज्याला 'हो' आणि 'नाही' डोळ्यांच्या हालचालीनं सांगता येतं, त्याची इच्छा बँकेच्या फॉर्मवर कशी उतरवायची, हा प्रश्न उरतोच.

पैशांचं सांगायचं तर एक गंमत सांगण्याजोगी आहे. प्राप्तिकराच्या ८० डीडी कलमात अपंग अवलंबितासाठी ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते. या कलमाखालच्या विमा योजनेचे पैसे मुलाला मिळायचे ते पालक मेल्यावरच. पालक जिवंत, पण ऐंशीचा, निवृत्त, आजारी असला तर? थांबायचं. एका पालकानं सर्वोच्च न्यायालयात हे मांडलं, न्यायालयानं २०१९ साली सरकारला विचार करायला सांगितलं, आणि २०२२च्या अर्थसंकल्पात दुरुस्ती होऊन पालक साठीचा झाल्यावर पैसे मिळायची सोय झाली. म्हातारपण आणि मरण यांत अंतर असतं, हे कलमाला कळायला एवढा वेळ लागला.

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान १५०० होतं, २०२५ साली ते महिन्याला २५०० झालं. अट कुटुंबाच्या वार्षिक ५० हजार उत्पन्नाची, म्हणजे महिन्याला ४२०० रुपयेही नाहीत. आता दुसऱ्या बाजूला मोठ्यांच्या डायपरचा हिशेब मांडा. एक तीस-पस्तीस रुपयांचा, दिवसाला तीन. महिन्याचे तीन हजार तिथेच गेले. औषधं, थेरपी, रिक्षा अजून बाकी. २०१६च्या कायद्यात ज्यांना जास्त आधार लागतो त्यांच्यासाठी 'काळजीवाहक भत्त्या'चा उल्लेख आहे. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करणाऱ्याला महिन्याला ६०० रुपये देतात. रक्कम किरकोळ आहे, पण त्या माणसाचं काम हे काम आहे, एवढी तरी नोंद सरकारदरबारी झाली. सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२४मध्ये हिमाचलमधल्या एका प्राध्यापिकेच्या प्रकरणात अपंग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं योग्य नसल्याचं सांगितलं, ते याच धाग्यातलं. पण रजा मिळायला आधी सरकारी नोकरी लागते. धुणीभांडी करणारी आई सुट्टी कुणाकडे मागणार? ती मुलाला घरात ठेवून बाहेरून कडी लावते. पेपरात अशी बातमी आली की लोक हळहळतात, आणि तिला नावं ठेवतात.

मुलगी असेल तर भीतीचा आणखी एक थर. मेळाव्यांत आया हे माइकवर बोलत नाहीत, चहाच्या वेळी कोपऱ्यात बोलतात. १९९४च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या मतिमंद मुलींचे गर्भाशय पुण्यातल्या सरकारी रुग्णालयात काढण्यात आले. कारण दिलं ते पाळीच्या स्वच्छतेचं. महिला संघटनांनी आवाज उठवला आणि पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. तो प्रकार चूकच होता. गर्भाशय काढल्यानं पॅड बदलायचं काम वाचतं, अत्याचार थांबत नाही. उलट तो उघडकीला येण्याची एक वाट बंद होते. तरीही त्या वेळी काही पालकांनी सरकारची बाजू घेतली होती, हे लक्षात ठेवायला हवं. रात्री वसतिगृहात कोण जागं असतं, या प्रश्नाचं उत्तर त्यांना कुणी दिलेलं नव्हतं.

उरतं भावंड. 'दादा आहे ना त्याचा' हे वाक्य इतक्या सहज बोललं जातं की दादाला विचारायचं राहूनच जातं. लग्नाच्या बोलणीत ही माहिती कधी सांगायची, कुणी सांगायची, यावर घरात वर्षानुवर्षं खल चालतो. बरीच भावंडं मनापासून करतात. काही पुण्याहून बेंगळुरूला, तिथून अमेरिकेला जातात आणि पैसे पाठवतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. जपानीतही या चिंतेला ठरलेला शब्दप्रयोग आहे, 'ओया नाकी आतो', म्हणजे आईबाप गेल्यानंतर. श्रीमंत, म्हाताऱ्या, शिस्तीच्या देशातही तो प्रश्न सुटलेला नाही. नोबेल मिळालेले कादंबरीकार केन्झाबुरो ओए यांनी १९६३ साली मेंदूच्या दोषासह जन्मलेल्या आपल्या मुलावर, हिकारीवर, आयुष्यभर लिहिलं. हिकारी पुढे संगीतरचनाकार झाला. २०२३मध्ये ओए गेले, मुलगा मागे राहिला.

निवासी घरांचा अनुभव असलेले कार्यकर्ते पालकांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: तुम्ही धडधाकट असताना मुलाला अधूनमधून दोन दिवस, चार दिवस राहायला पाठवा. बाप गेला त्या आठवड्यात पहिल्यांदा घर बदललं, तर मुलाला एकाच वेळी दोन धक्के बसतात. तो जेवत नाही, फिट्स वाढतात. वीस वर्षं आईनं भरवलेल्या माणसाला नवा हात ओळखायला महिने लागतात. आणि नव्या हातालाही हा माणूस ओळखावा लागतो. त्यासाठी काही पालक वही ठेवतात.

दुरेघी वही, आईच्या अक्षरात. डावीकडे मान वळवली तर पाणी हवं. मुठी आवळल्या तर सू. गरम वरण चालतं, ताक घातलेला भात चालतो, उसळ नको, ठसका लागतो. भरवताना मान थोडी पुढे, मागे कधीच नाही. जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. फिट आली तर कुशीवर वळवायचं, तोंडात चमचा घालायचा नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर दवाखाना. रात्री नऊची गोळी, पूर्वी अर्धी, मग खोडून एक, मग खोडून दीड. बाबांचा जुना पंचा उशाशी लागतो, धुतलेला चालत नाही. शेवटच्या पानावर 'कोणाला फोन करायचा' असं लिहून खाली तीन ओळी आखलेल्या. पहिल्या ओळीवर आईचा नंबर, दुसऱ्या ओळीवर बाबांचा. तिसरं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं, त्याच्याखाली आधीचं एक खोडलेलं दिसतं.